खंडेनवमीला उघडलेला लॅपटॉप

सुनेचा लॅपटॉप मी उघडला तो चांगल्या मनानं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी ऐकून घेत नाही.

खंडेनवमीचा दिवस. इथे सगळे तिला आयुधपूजाच म्हणतात, आणि आम्हीही म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहून आमची मराठी निम्मी इथलीच झाली आहे. मुलगा आणि सून म्हैसूरला तिच्या मावशीकडे गेले होते, संध्याकाळी परतणार होते. लग्नाला चार महिने झाले होते. सून पुण्याची, पीएचडी करणारी, आणि विषय काय, तर बेडूक! चार पावसाळे ही मुलगी माइक घेऊन तळ्यांच्या काठी चिखलात बसली. बेडकांचे सगळे आवाज आणि त्यांच्यावर लिहिलेला प्रबंध त्या लॅपटॉपात होता, आणि तो प्रबंध ऐन दसऱ्याला पाठवायचा होता. परदेशातल्या विद्यापीठाला कुठला आलाय दसरा! निघताना म्हणाली होती, "अहो आई, दोन दिवस मी त्याचं तोंडसुद्धा बघणार नाही." म्हणून तो घरीच राहिला.

त्याचा पंखा फार घरघरायचा. घरातला मिक्सर, इस्त्री, पंप, सगळं मीच उघडते. माझे वडील इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होते, त्यांचे पेचकस माझ्याकडे आहेत. आयुधपूजेला ते मशीन उघडून पुसायचे आणि कुंकू बाहेरच्या पत्र्याला नाही, आतल्या भागाला लावायचे. "राबतो तो आतला, मान पत्र्याला कशाला?" असं म्हणायचे. मला ते फार पटलेलं होतं.

सकाळी न्हाऊन, पूजेच्या आधी, मी दहा स्क्रू काढले. एक व्हिडिओ बघून बॅटरीची वायर सोडवली. जुन्या रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली. पंख्यात एवढा मोठा बोळा निघाला. रॅम म्हणतात ती बोटभर लांबीची हिरवी पट्टीही काढली, खालची धूळ पुसली आणि पुन्हा बसवली. आतल्या चंदेरी पत्र्यावर ओल्या कुंकवाचं छोटंसं बोट टेकवलं. वायर जोडली, झाकण लावलं, स्क्रू पिळले, पेचकस धुऊन पूजेत मांडले, सगळ्यांना फूल वाहिलं. मग मोठ्या ऐटीत लॅपटॉपचं बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा फिरला, थांबला. पडदा काळा ठिक्कर. दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा.

मी पाच वेळा बटण दाबलं, दहा वेळा दाबलं. पाचावर धारण बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तिनं कुठे दुसरी प्रत ठेवली होती की नाही, मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं तरी कुणाला? शेवटी जे करू नये ते केलं. पूजेत मांडलेला पेचकस उचलला, पुन्हा झाकण काढलं, सगळं बघितलं. काही कळलं नाही. पेचकस परत ठेवताना वडिलांच्या फोटोकडे बघवेना. झाकण नुसतंच टेकवून वर दोन रबरबँड चढवले, स्क्रू वाटीत टाकून मागे ठेवले आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून निघाले.

रस्त्यावर दृष्ट काढून फोडलेले कोहळे, रिक्षांना केळीचे खांब, सगळीकडे शेवंती. पहिल्या दुकानात मुलगा प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा पुडा माझ्या हातात देत म्हणाला, "नाळे बन्नी, अम्मा." उद्या या. दुसऱ्या दुकानात तेच. आयुधं पूजेला बसली आहेत, आज कुणी हात लावणार नाही. मी चिडून म्हटलं, "स्वल्प बघा तरी!" त्यानं कानाला हात लावले. रागावू कुणावर? मीसुद्धा पन्नास वर्षं हेच पाळत आले होते, तासाभरापूर्वीपर्यंत.

तिसरं दुकान म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली. तिथे चाळिशीची एक बाई. तिचे चिमटे, पेचकस, झाळण्याचं यंत्र, एवढंच काय, सूक्ष्मदर्शकसुद्धा शेवंतीचा हार घालून पाटावर बसलेला. माझं मोडकं कन्नड ऐकून ती हसली आणि मराठीत म्हणाली, "निपाणीची हाय मी. बसा की, मावशी." मला रडूच आलं. सगळं सांगितलं, सून, बेडूक, दसरा, पेचकस उचलल्याचं पापसुद्धा.

"हत्यार आज उचलायची न्हाई मी," ती म्हणाली.

"मग झालंच."

"का? हात हाईत की."

तिनं आधी शटरच्या लोखंडाला हात टेकवले. अंगातली वीज जाऊ दे, म्हणाली. मग लॅपटॉपला नमस्कार केला, बटण दाबलं, आणि पडद्याकडे न बघता कान खाली नेला. पंखा फिरला, थांबला. दिवा तीनदा लुकलुकला. "जीव हाय त्यात," ती म्हणाली. रबरबँड काढून झाकण उचललं, नखानं बॅटरीची वायर सोडवली. आणि मग मशीन माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आता डोळं मिटा. सकाळी काय काय केलासा ते हातानं करून दावा. बोलू नका."

मला वाटलं, ही चेष्टा करते आहे. "अहो, सांगते ना तोंडानं!"

"तोंडाला इचारलं की माणूस गाळतंय. हाताला इचारलेलं बरं."

मी डोळे मिटले. रिकाम्या हातांनी हवेत स्क्रू काढले, ब्रश फिरवला, पट्टी काढली, पत्र्यावर बोट टेकवलं, पट्टी घेतली, दाबून...

"थांबा. ह्याच बोटानं?"

मी डोळे उघडले. माझी अनामिका हवेत तशीच. तांबूस, सकाळच्या कुंकवाची. अगं बाई! तोंडानं सांगताना मी पट्टी आधी बसवली होती आणि कुंकू नंतर. हातांनी खरं काय ते सांगितलं.

तिनं दोन अंगठ्यांनी कड्या बाजूला केल्या, पट्टी टुणकन वर आली. ती दाराशी नेऊन उन्हात तिरकी धरली. "बघा." पट्टीच्या काठाला सोनेरी दातांची रांग असते, त्यातल्या तीन-चार दातांवर तांबडी साय धरली होती. इतकी पातळ, की सरळ बघितलं तर दिसायचीच नाही. एवढ्याशा कुंकवानं चार पावसाळे अडवून धरले होते.

"खोडरबर हाय का?"

मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्या पिशवीत एक वेळ पैसे नसतील, खोडरबर असणारच. तिनं त्यानं ते दात हळूहळू घासले, बाळाचे दात घासावेत तसे. पट्टीच्या खाचेतून जाड कागदाची घडी दोनदा फिरवली, तिच्यावरही तांबडी रेघ उमटली. मग पट्टी तिरकी घातली, दाबली. टक्. ती म्हणाली, "हा आवाज सकाळी आला हुता?" नव्हता आला. चाळीस वर्षं मुलांना पायऱ्या गाळू नका म्हणून ओरडणारी मी, मान खाली घालून बसले.

बॅटरी जोडून तिनं बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. काळ्या पडद्यावर उजेड आला आणि त्या उजेडात एक बेडूक. अंगठ्याएवढा, पानावर बसलेला, गळ्याचा फुगा त्याच्या डोक्यापेक्षा मोठा. काय सांगू, मी हात जोडले. बेडकाला, त्या बाईला, कुणाला ते ठाऊक नाही. हत्यारांनी भरलेल्या खोलीत, एकाही हत्याराला हात न लावता तिनं तो जिवंत केला होता.

पैसे तिनं घेतले नाहीत, पूजेच्या दिवशी काम केलंच कुठे, म्हणाली. रबरबँड पुन्हा चढवले. "स्क्रू उद्याच्याला लावा, पूजा उतरली की."

घरी आले. लॅपटॉप टेबलावर, शेजारी दहा स्क्रूंची वाटी. पोरं यायला तास होता. दोन मिनिटांचं काम. स्क्रू पिळले की कुणाला पत्ता लागला नसता. दोनदा देवघरापर्यंत गेलेही. पण त्या बाईनं नेम मोडला नाही आणि मला रिकाम्या हातीही पाठवलं नाही. तिच्या कष्टांवर मी बोळा फिरवू? मी खुर्चीत बसून राहिले.

सून आली, आणि चप्पल काढायच्या आत मी सगळं ओकले. तिचा चेहरा पांढरा पडला. "विचारायचं तरी होतं, आई!" एवढंच म्हणाली आणि धावली. एकेक फाइल उघडून बघत होती. मुलगा मला खुणेनं म्हणत होता, आत जा. मी गेले नाही. सगळं जागेवर आहे हे बघून तिनं डोक्याला हात लावला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि माझ्या तोंडून, अशा वेळी, भलतंच निघून गेलं.

"तो फोटोतला... एवढासा आहे, तर ओरडतो कसा गं?"

तिनं मान वर केली. रागावलेलीच होती.

"चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलंत," ती म्हणाली.

तिनं हेडफोन माझ्या कानांवर बसवले. आधी नुसता काळोख, पाण्याचा. मग टिक्, टिक्, टिक्, आणि एकदम इतका मोठा आवाज की मी दचकून खुर्ची धरली. अंगठ्याएवढा जीव, आणि त्याच्या हाकेनं अख्खं तळं भरलेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते लपवायला मी हेडफोन काढलेच नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी, पूजा उतरल्यावर, तिनं माझ्या वडिलांचा पेचकस मागितला. आतला कुंकवाचा ठिपका पुसायला मी फडकं आणलं होतं. "असू दे तो," ती म्हणाली. दहाही स्क्रू तिनंच लावले, मी टॉर्च धरली.