न निघणारा रंग
काल बायकोने शिऱ्यात बदामाचा इसेन्स टाकला आणि मला जळगावच्या एमआयडीसीतली ती दुपार आठवली. कापडाच्या रंगांसाठी लागणारं ॲनिलिन आम्ही नायट्रोबेन्झिनपासून बनवायचो, आणि त्या नायट्रोबेन्झिनला अगदी बदामासारखा गोड वास. मी लॅबमध्ये नवा होतो. जून लागला तरी पत्रे तापायचे, म्हणून आमचे वयस्कर ऑपरेटर नाना डोक्याला ओला रुमाल बांधून काम करायचे. त्या दिवशी ते आत आले तेव्हा त्यांचे ओठ जांभळे होते. गेटवर जांभळंवाली बसायची, त्यामुळे सगळे हसले. "नाना, एकट्यानेच खाल्ली का?" नाना स्टुलावर टेकले आणि हळूच म्हणाले, "मी जांभूय खादंच नही रे. डोकं दुखी ऱ्हायनं." मी ओल्या अंगठ्याने त्यांचे ओठ पुसले. रंग निघेना. नखंही तशीच होती. मग त्यांच्या डोक्याचाच बदामासारखा वास आला. नायट्रोबेन्झिनचा गळका पाइप त्यांनी त्याच रुमालाने पुसला होता आणि सवयीने तो परत डोक्याला बांधला होता. विष कातडीतून अंगात भिनत होतं. मी रुमाल सोडवून फेकला आणि त्यांना गाडीत घातलं. दवाखान्यात सुईत आलेलं त्यांचं रक्त लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. नाना वाचले. पण काल शिरा खायला लेक आली ती ओठ जांभळे करून, हसत. मी अंगठा ओला केला आणि रंग उतरेपर्यंत तिचे ओठ पुसत राहिलो.