शोरूमच्या दारातला दसरा

नवी गाडी घेतली ती आईसाठी. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही, आणि अकोल्यात जठारपेठेत तिची थोरली बहीण राहते. मावशी एकेक माणूस विसरत चालली होती. आपल्याला ओळखते आहे तोवर आईला तिला भेटायचं होतं.

पण अकोल्याला निघालो की गाडी बडनेऱ्याच्या पुढे जाईना. अकोल्याच्या ज्या शोरूममधून घेतली, तिथली माणसं ती ओढून न्यायची आणि चकचकीत धुऊन परत द्यायची. धुण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही! टाय लावलेला ठोंब्या मॅनेजर मला म्हणाला, "सर, तुम्ही क्लच नीट सोडत नसाल." उभा जन्म ट्रॅक्टर हाकलाय मी. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की माझा अनुभव त्यांना मोलाचा वाटतो. निर्लज्ज लेकाचे.

"भाड्याची गाडी करू," मी म्हणायचो.

"घरची गाडी असून भाड्यानं कायले जाऊ?" आई म्हणायची. "बहीण काय म्हनन?"

दसऱ्याला आमची गाडी पुन्हा त्यांच्याच आवारात पडून होती. सकाळीच आई म्हणाली, "बोलाव भाड्याची. त्याइच्या दारात बसतो मी." भांडायला तिला भाड्याची चालली.

शोरूमच्या दारात ती खुर्ची टाकून बसली, मांडीवर आपट्याची पानं. गाडी न्यायला आलेल्या प्रत्येकापुढे ती सोनं धरायची. दसऱ्याला म्हातारीच्या हातचं सोनं कोण नाकारणार? लोक पाया पडायला वाकले की ती सांगे, "सुखी राय, बापू. हेच गाडी घेऊन राहिला का? आमची तिकडे मरून पडली, पाहून घे."

तिला हटवायला पाठवलेला वॉचमनही पाया पडून परत गेला. गिऱ्हाइकं मॅनेजरला घेरून प्रश्न विचारू लागली, कुणी व्हिडिओ काढू लागलं. इतके महिने ढिम्म बसलेला तो माणूस धावत आला. "आजी, गाडी बदलून देतो. लिहून देतो." आमची कीव नव्हती त्याला, चार विक्र्या बुडण्याची धास्ती होती. नवी येईतो त्यानं शोरूमची गाडी दिली.

तीच घेऊन आम्ही जठारपेठेत गेलो. मावशीनं हसून आईला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, "तुमी कोनाच्या, बाई?"

आई तासभर तिचा हात धरून बसली. बाहेर आलो, गाडी एका झटक्यात सुरू झाली. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एका भाड्याच्या गाडीचं तं काम होतं रे."