डाव्या अंगाची मोळी

चंद्रभागाबाईच्या संसारात दर हिवाळ्यात एकच भांडण चालायचं, आणि ते मिटवायची कुणालाच घाई नसायची. तिचं माहेर चौसाळ्याकडचं. पहाटे पानांवर पांढरं साचतं, त्याला तिथं दहिवर म्हणतात. सासर धारूरच्या डोंगरात, तिथं त्याला म्हणतात हिव. नवरा शहादेव म्हणायचा, दहिवर म्हणजे नुसतं ओलं. पांढरं धरलं की ते हिव, आणि हिवात उसाच्या फडाला हात लावायचा नसतो, ऊन येईस्तोवर शेकत बसायचं. ती म्हणायची, हे आळशाचं शास्त्र. दहिवर हाय, उठा. मग तो कोयता उचलायचा आणि जाता जाता टोमणा मारायचा, चौसाळ्याच्या लोकायला थंडीच कळत न्हाई. एवढ्यावर दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

शहादेव श्रावणात गेला. छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं, आणि तांब्या भरून आणेस्तोवर गेला. चंद्रभागाबाई तेव्हा रडली नाही, दहाव्यालाही नाही. बाया म्हणाल्या, मोकळी हो गं. ती मान हलवायची आणि भाकरी थापायला बसायची. सांजच्याला देवापुढं दिवा लावायची, हात जोडायची, पण मागायला काही सुचायचं नाही. नुसती वातीकडं बघत बसायची.

दिवाळी झाली तसं गाव रिकामं व्हायला लागलं. ऊसतोडीला माणूस जोडीनं जातं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दोघं मिळून एक कोयता. एकट्या बाईला कोण नेणार? लेक दिपाली लग्न होऊन पुण्याकडं गेलेली. मागं राहायचं म्हणजे कुलपं लागलेल्या गल्लीत उन्हाळ्यापर्यंत एकटीनं बसायचं, शहादेवच्या रिकाम्या बाजंसमोर. तेवढं मात्र तिला नको होतं. बाकी काय हवं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिची नणंद रुक्मिणीबाई, शहादेवची धाकटी बहीण, तीही विधवा. तिनंच टोळी नेणाऱ्या मुकादमाला गाठलं. मुकादम परमेश्वर गावातलाच. दोन बायांचा कोयता त्यानं आजवर नेला नव्हता. लई वेळ डोकं खाजवून म्हणाला, चला, पण सक्रांतीपर्यंत बघीन. टोळीच्या मागं पडलात तर गावाकडं धाडीन, मग माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत.

माजलगावच्या बाजूला फडाच्या कडंला टोळीच्या राहायच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी कोयत्याला हळदीकुंकू लावायचं काम घरच्या सवाशिणीचं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग रुक्मिणीबाईनं नुसती हळद लावली आणि म्हणाली, देवाला चालतंय.

रुक्मिणीबाई तोडायची, चंद्रभागाबाई गोळा करून बांधायची. हात चांगले होते दोघींचे, तरी त्यांची पात, वाट्याला आलेली उसाची पट्टी, मागं पडायची. शेजारची जोडपी पुढं निघून जायची, आणि या दोघी त्यांच्या पाठी बघत राहायच्या. कारण काय ते रुक्मिणीबाईला उमगेना. वयनी दर खेपेला क्षणभर थांबते, वळते, आणि मग उसाकडं येते, एवढंच तिला दिसायचं. गुडघे दुखत असतील, असं तिनं धरलं होतं. विचारलं तर उत्तर यायचं नाही. हल्ली वयनीशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालं होतं. सकाळी ती मुद्दाम भावाचं वाक्य काढायची, आज हिव हाय बरं का वयनी. चंद्रभागाबाई चुलीत पाचट सारत राहायची.

सक्रांत आठवड्यावर आली तेव्हा एक सकाळ अशी उगवली की सगळा फड भुरका झाला. कोपीवरचं पाचट कडक, पत्र्याच्या घागरीवर पांढरी साय. टोळी शेकोटीभोवती बसून राहिली. चंद्रभागाबाईनं मात्र दोऱ्या खांद्यावर टाकल्या आणि पातीकडं चालू लागली. रुक्मिणीबाई मागं. हिवात जाऊ नये, दादा काय येडा होता का, असं पुटपुटत.

बोटं लाकडासारखी झाली होती. दोरी हातात आहे की नाही हे बघूनच कळत होतं. रुक्मिणीबाईनं ऊस धरला, कोयता उचलला, आणि त्याच वेळी चंद्रभागाबाई वाकली. तोडलेला ऊस उजव्या अंगाला पडला होता. तिचा हात डावीकडं गेला, थेट रुक्मिणीबाईनं धरलेल्या उसाच्या बुडाशी.

कोयता हातभर वरच अडला. रुक्मिणीबाईनं तो कसा अडवला ते तिचं तिला माहीत. ती मटकन खाली बसली. चंद्रभागाबाई आपल्या हाताकडं बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा.

"कावून गं तिकडं हात घातलास?"

चंद्रभागाबाईनं हात मागं घेतला, तरी नजर डावीकडंच होती. ते बघून रुक्मिणीबाईच्या डोक्यात एकदम उजाडलं. दादा डावखुरा. जन्मभर तोडलेला ऊस त्यानं डाव्या अंगाला टाकला, आणि ही जन्मभर तिथूनच उचलत आली. आताही दर खेपेला ती आधी त्या मोकळ्या जागेवर वाकत होती, मग इकडं वळत होती.

शेवटी रुक्मिणीबाईनं पदरानं नाक पुसलं आणि उठली.

"तू नको बदलू, वयनी. मीच डावीकडं टाकते."

सुरुवातीला तिला जमेना. तोडायचा उजव्या हातानं आणि टाकायचा डाव्या अंगाला, खांद्याला पीळ बसायचा. तरी तिनं सोडलं नाही. टोळी शेकून फडात आली तेव्हा या दोघींच्या मोळ्या पातीत मांडून झाल्या होत्या. उन्हं डोक्यावर येईस्तोवर त्या सगळ्यांच्या बरोबरीनं होत्या. चंद्रभागाबाई वाकायची, उचलायची, बांधायची. ऊस जिथं असायला पाहिजे तिथं होता. बरं वाटलं असं काही नाही. नुसतं थांबावं लागत नव्हतं.

दुपारी गाडी भरल्यावर परमेश्वर आला. मोळ्यांच्या ओळीवरून त्यानं नजर फिरवली, दोघींकडं बघितलं नाही.

"उद्या पाटाकडची पात धरा," म्हणाला, आणि पुढं गेला.

परत धाडायचं असतं तर उद्याची पात दिली नसती. रुक्मिणीबाईनं उन्हाकडं तोंड करून हात जोडले. मग दोघी बांधावर भाकरी सोडून बसल्या. चंद्रभागाबाईच्या बोटांना हळूहळू मुंग्या येत होत्या. तिनं हात मांडीवर पालथे ठेवले होते.

रुक्मिणीबाई ठेचा वाढता वाढता म्हणाली, "तरी सकाळचं हिवच होतं, काय बी म्हण."

चंद्रभागाबाईनं घास तोडला, चावला, गिळला. रुक्मिणीबाईनं उत्तराची आशा सोडून पाण्याची बाटली उघडली.

"दहिवर," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि दुसरा घास तोडला.