कस्तुराबाईचे शिंपले

गंगापूरच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात कस्तुराबाईचं शेततळं होतं. नवरा खंडेराव, त्याचे गुडघे गेले, मेंढरांमागं हिंडणं होईना, म्हणून दोघांनी कळप विकून तळ्यात गोड्या पाण्यातले शिंपले सोडले. शिंपल्याच्या आत मणी बसवायचा, वर्ष-दीड वर्ष पोसायचा, की त्याचा मोती होतो, एवढं कस्तुराबाई पडेगावच्या प्रशिक्षणात शिकून आली होती.

पहिल्या खेपेला तिनं शिंपले लोखंडी पात्यानं जबरीनं उघडले. आतलं मांस फाटलं अन् बरेचसे कुजले. तिनं शिकवणाऱ्या मोनिकाताईंना फोन लावला.

"जोर कशाला करता? आधी पाण्यात मेंथॉल मिसळा. शिंपला सैल पडतो, आपणहून तोंड उघडतो. मणी बसवला की लगेच स्वच्छ पाण्यात सोडा. जिवंत असला की परत मिटतो."

तिनं तसंच केलं. घमेल्यातून पुदिन्याचा थंडगार वास सुटला. घट्ट मिटलेले शिंपले हळूहळू उघडले. मणी बसवून तिनं ते ताज्या पाण्यात ठेवले, अन् पदर तोंडाला लावून बघत राहिली. दुपार कलता कलता एकेक मिटायला लागला.

"आवं, मिटला! ह्यो बी मिटला!"

कळप गेल्यापासून खंडेराव पहिल्यांदाच हसला.

जाळ्यांत भरून शिंपले तळ्यात टांगले. पावसाळा, हिवाळा सुखाचा गेला. वैशाखात कालव्याला पाणी आलंच नाही, बोअरही आटली. तळं तळाला गेलं अन् उरलेलं पाणी हात भाजेल इतकं तापलं.

एका सकाळी तिनं जाळी उचलली, तर सगळे तोंड उघडून पडलेले.

"औषध दिल्यावर पडायचे, तसंच दिसतंय," खंडेराव म्हणाला. "गार पाण्यात टाक. मिटतील."

कुजल्याचा वास तिला केव्हाच आला होता. तरी तिनं माठ घमेल्यात रिता केला, एकेकाच्या कडेला बोट लावलं. एकही हलला नाही. मग दुसरी जाळी, मग तिसरी. मण्यांवर कुठं कुठं चमक धरली होती, नखानं खरवडली की निघेल इतकी पातळ.

"पुढल्या साली..." खंडेराव बोलायला लागला.

"नगं."

शिंपले त्यांनी बांधाखाली पुरले. सोमवारी कस्तुराबाई कांदा निवडायच्या कामाला निघाली. जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "मोती पिकवता म्हणं तुमी?"

"नाय बाई, दुसरं कुणी आसंल," ती म्हणाली अन् डबा मांडीवर घट्ट धरून बसली.