विजयाताईच्या गोष्टीतली हाक

भुताच्या गोष्टी लिहिणारी विजयाताई गेली, त्याला आज वर्ष झालं.

तिची शेवटची गोष्ट मी अजून घरात एकटी असताना वाचत नाही.

ती रोह्याजवळ वरशाला राहायची, मी पेणला. एका दिवाळी अंकात आमच्या भयकथा शेजारीशेजारी छापून आल्या आणि तिनेच फोन करून ओळख काढली.

मला तेव्हा कुणीच लिहिलं नाही असं काहीतरी लिहायचं होतं. एकदम ओरिजिनल.

मी एक भूत रचलं. त्याला रूप नाही, आवाज नाही, कुठलाच नियम नाही. तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं.

ताई वालाचं बिरडं सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चांगलं हाय. पण मला भीती नाय वाटली गो. कशाला घाबरायचं तेच कळलं नाय."

मी खट्टू झाले. मग तिने स्वतःची वाचली.

तिन्हीसांजेला दारातून हाक येते.

पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दिली की भूत घेऊन जातं, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. गोष्टीतल्या बाईलाही ठाऊक असतं. मला वाटलं, झालं, नेहमीचंच.

पण आवाज तिच्या गेलेल्या मुलीचा असतो.

आणि ती बाई, सगळं माहीत असून, ओ देते.

माझ्या हातावर काटा आला. हाक जुनी, दार जुनं. नवी होती ती फक्त बाई.

गोष्ट पाठवली त्या अंकाच्या संपादकांनी शेवट बदलायला सांगितला. बाई वाचलेली लोकांना आवडेल म्हणाले. ताईने गोष्टच परत मागवली.

थोडं बदललं तर काय बिघडतं, असं मी तिला समजावत होते. ती हळूच म्हणाली, "आमची पिंकी तापाने गेली ना, तेव्हापासून मला हाक येते. मी ओ देते. आता शेवट कसा बदलू?"

तिला मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं.

गोष्ट पुढे दुसऱ्या अंकात आली, जशीच्या तशी. तोवर ताई आजारपणात गेली होती.

आज सकाळी भावोजींचा फोन. बायकोचं भुताखेतांचं लिखाण ते हसण्यावारी न्यायचे. कंपनीतून शिफ्ट करून आले की जेवून झोपायचे. ही गोष्ट त्यांनी काल पहिल्यांदा वाचली.

"ती हाक पिंकीची ना?"

मी हो म्हटलं.



मग म्हणाले, "मला पण येते. एका घरात राहिलो, पण एकमेकांना कधी बोललोच नाय."

ताई, शेवट तुझाच खरा होता.

भरल्या डोळ्यांनी निरोप.