रेषेपुढची जागा

मुलांनो, साताऱ्याहून सांगलीला येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक पंचविशीची मुलगी बसली होती. मांडीवरचे हेल्मेट ती पदर सारखा करावा तसे उगाच रुमालाने पुसत होती. सरळ रस्त्यावर दोन मोटारसायकली एकदम सोडतात, तसल्या ड्रॅग शर्यतीत ती हौसेने गाडी पळवते, असे तिनेच सांगितले. अशा शर्यती भरवणाऱ्या दोन संघटना आहेत. एकीत नाव घातले की दुसरीचे दार बंद. तिच्या भावाच्या मिरजेच्या गॅरेजातली सगळी मंडळी मोठ्या संघटनेत गेली होती, आणि तिला आजच ठरवायचे होते.

भावाचाच फोन आला.

"न्हाई दादा, मी धाकट्या संघटनेतच जाणार. तुमच्या लोकांनी सत्काराचा मांडव शर्यत संपायच्या रेषेच्या म्होरंच घातलाय. आरं, ही काय बैलगाड्यांची शर्यत हाय? बैलांस्नी रेषेपुढं माणसं धरत्यात. माजी गाडी कोण धरणार, मांडवातलं पाव्हणं? धाकटीनं म्होरं रस्ता मोकळा सोडलाय."

"एकटी पडशील," हे पलीकडचे मलाही ऐकू आले.

"एकटी तर एकटी."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आवं आजी, पळायला समदीच जागा देत्यात. थांबायला किती देत्यात, त्ये इचारावं."

लगेच धाकट्या संघटनेला फोन लावून तिने नाव नोंदवले. सांगलीतल्या विश्रामबागच्या थांब्यावर दाराशी लोक ढकलत होते, पण बस पुरती थांबल्यावरच ती उतरली.