पुसलेला नंबर

सगळं गॅरेज त्यांना ‘भिंगकाका’ म्हणायचं, कारण खिशात रुमाल नसला तरी भिंग असायचंच. जुन्या स्पोर्ट्स कारचा कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, हे तपासून दाखला देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. शेठच्या लाल गाडीचं मूळ इंजिन शोधायला त्यांना दोन वर्षं लागली. ते सापडलं एका विहिरीवर, पंपाला जोडून पाणी उपसत असलेलं. कारखान्याने ठोकलेला नंबर गाडीच्या कागदांशी तंतोतंत जुळला.

आज काका ते इंजिन गाडीत बसवण्याआधी तपासायला गेले, तर ते आरशासारखं लखलखत होतं आणि नंबरच्या जागी नुसता गुळगुळीत धातू.

“जावयांनी घासून आणलं,” शेठ कौतुकाने म्हणाले. “कसं दिसतंय?”

“सोललेल्या बटाट्यासारखं. अहो, पन्नास वर्षं चिखलात टिकलं ते जावईबापूंनी एका दुपारात पुसलं.”

“मग परत ठोका की. तुम्हाला तर पाठ आहे.”

“असे नंबर ठोकणारे मी आयुष्यभर पकडलेत, शेठ.”

“पण हे इंजिन खरं आहे ना, काका?”

“खरंच आहे हो. आणि आता कुणाच्या बापाला ते पटणार नाही, म्हणून तर डोकं फिरलंय.”

त्यांनी दाखल्यावर ‘इंजिन’पुढे ‘नंबर नाही’ असं कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं आणि खाली सही केली.